कॅमेऱ्याचं वय कशावरून मोजायचं?

बेताच्या पैशांत डीएसएलआर घ्यायला निघालेल्या माणसापुढे एक पेच हमखास येतो. पंधरा-सतरा वर्षांपूर्वीची वरच्या दर्जाची बॉडी घ्यावी, की सात-आठ वर्षांपूर्वीची नवशिक्यांसाठी काढलेली? वापरलेल्या मालाच्या बाजारात दोन्हींच्या किमती बऱ्याचदा जवळपास येतात, म्हणून पेच खरा आहे. जुन्या बॉडींचा एक चाहता आणि त्यांच्याकडे संशयाने पाहणारी एक छायाचित्रकार यांचं यावर एकमत होत नाही.

चाहता: एक उदाहरण धरून बोलू. निकॉनचा डी७०० आला २००८ साली, डी३५०० आला २०१८ साली. पहिल्यात १२ मेगापिक्सेल, दुसऱ्यात २४. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं तर शाळकरी पोरही दुसरा उचलेल. पण डी७०० हातात घेऊन पाहा. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, धूळ-पाणी अडवायला जोडांवर रबराची सीलं, काचेचा पेंटाप्रिझम, फोकसचे ५१ बिंदू, शटर आणि अ‍ॅपर्चरसाठी दोन वेगळे डायल. डी३५०० प्लास्टिकचा, सीलं नाहीत, प्रिझमच्या जागी आरशांची जुळणी, फोकसचे ११ बिंदू, डायल एकच. लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर त्याच्या बॉडीत नाही, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८डी सारख्या स्वस्त आणि गुणी लेन्सवर ऑटोफोकस चालतच नाही. सेन्सर थरथरवून धूळ झाडायची सोयसुद्धा त्यात नाही. एक कॅमेरा बातमीदार आणि लग्नांचं काम करणाऱ्यांसाठी बनवला होता, अमेरिकेत तो सुमारे ३,००० डॉलरला विकला गेला. दुसरा पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्यासाठी, जिथे जमेल तिथे खर्च वाचवून बनवलेला. त्यातला पहिला आज दुसऱ्याच्या भावात मिळत असेल, तर विचार कसला करायचा?

शंकेखोर: तुम्ही कॅमेऱ्याची आजची लायकी त्याच्या तेव्हाच्या किमतीवरून ठरवता आहात. हाच न्याय लावला तर निकॉनचा १९९९चा डी१ कुणी सोडूच नये. वृत्तपत्रांनी तो हजारो डॉलर मोजून घेतला होता, सांगाडा दणकट होता, आणि सेन्सर होता २.७ मेगापिक्सेलचा. आज त्याला संग्रहापलीकडे उपयोग नाही. दणकट सांगाड्यात जुना सेन्सर बसवलेला असला, तर टिकतो तो जुना सेन्सरच.

आणि काम कोणतं, हे तुम्ही विचारलंच नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला जाणारा माणूस घ्या. पक्षी लांब, होडी हलती, हातात ३०० मिमीची लेन्स. डी३५००चा सेन्सर लहान असल्यामुळे तीच लेन्स ४५० मिमी असल्यासारखं दृश्य देते, आणि त्या दृश्यात पूर्ण २४ मेगापिक्सेल मिळतात. डी७००वर तेवढाच भाग कापून घेतला तर उरतात सुमारे पाच मेगापिक्सेल. पिसांचा तपशील पाच मेगापिक्सेलमध्ये किती मावेल? वजनातला फरकही सोडू नका. डी७०० बॅटरीशिवाय ९९५ ग्रॅम, डी३५०० चारशेच्या आत. दिवसभर गळ्यात बाळगणाऱ्याच्या मानेला तो कळतो.

चाहता: पक्ष्यांचा मुद्दा मान्य. लांबचं टिपायचं असेल तर लहान सेन्सरवर दाटीने बसवलेले पिक्सेल कामाला येतात, त्यावर मी वाद घालत नाही. पण माणसं टिपणाऱ्याला ते किती लागतात? डी७००ची फाइल ४२५६ बाय २८३२ पिक्सेलची असते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १४ बाय ९ इंचांचा छापील फोटो त्यातून स्वच्छ निघतो. अल्बमच्या पानाला आणि वर्तमानपत्राला ते भरपूर आहे, मोबाइलच्या पडद्याचं तर बोलायलाच नको.

आता उजेडाकडे वळू. डी७००चा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, डी३५००चा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या सव्वादोनपटीहून मोठा. तेच अ‍ॅपर्चर आणि तोच शटर वेग ठेवला, तर डी७०० एकूण तेवढा जास्त प्रकाश गोळा करतो. मंगल कार्यालयात मांडवाखाली आयएसओ ३२०० लावावं लागतं तेव्हा हा फरक उपयोगी पडतो. सेन्सर दहा वर्षांनी जुना असला तरी त्याच्यावर पडलेला प्रकाश जास्त असतो.

शंकेखोर: तिथे तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. अंधारात, वरच्या आयएसओवर, डी७०० आजही चांगली टक्कर देतो. मात्र लख्ख उन्हातल्या, कमी आयएसओच्या फोटोत गोष्ट उलटी होते. ऊन मागे आणि चेहरा सावलीत असा फोटो घ्या आणि नंतर संगणकावर तो चेहरा उजळायला जा. डी७००च्या फाइलमध्ये सावलीत दाणे आणि रंगांचे डाग वर येतात. त्याच काळातल्या कॅननच्या ५डी मार्क २ मध्ये तर सावलीत पट्टे दिसतात, ही त्या कॅमेऱ्याची माहीत असलेली खोड. डी३५००ची सावली बरीच उजळली तरी स्वच्छ राहते.

याचं कारण सेन्सरच्या बांधणीत आहे. आधीच्या बऱ्याच सेन्सरांमध्ये पिक्सेलवरचा संकेत लांबवर वाहून नेला जाई आणि मग त्याचा आकडा केला जाई. वाटेत त्यात खरखर मिसळे. पुढे सोनीने सेन्सरच्या प्रत्येक उभ्या ओळीपाशीच हे रूपांतर करायला सुरुवात केली. २०१०च्या डी७००० मध्ये आणि २०१२च्या ३६ मेगापिक्सेलच्या डी८०० मध्ये असे सेन्सर होते. या दोघांच्या रॉ फाइलमधून सावल्या ज्या तऱ्हेने परत मिळवता येऊ लागल्या, ती आधीच्या पिढीला जमत नव्हती. म्हणून माझ्या हिशेबात २०१० ही एक रेघ आहे. तिच्या अलीकडचा कॅमेरा जुना असला तरी चालेल. पलीकडचा घेताना शंभर वेळा विचार करावा.

इथे वाद पहिल्यांदा नीट जागेवर येतो. ‘जुना’ आणि ‘नवा’ या दोन खोक्यांत सगळे कॅमेरे टाकून काही कळत नाही, कारण प्रगती सारख्या पावलांनी झालेलीच नाही. २००३ साली कॅननने ६.३ मेगापिक्सेलचा ३००डी हजार डॉलरच्या आत आणला आणि डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आली. त्या पिढीत आयएसओ १६०० म्हणजे कमाल मर्यादा. निकॉनच्या २००७च्या डी३ने ६४०० ही रोजच्या वापराची गोष्ट केली, आणि डी७००मध्ये त्याचाच सेन्सर होता. त्यानंतर पाच वर्षांत सावल्यांचा प्रश्न बराच सुटला. २०१४चा डी७५० आणि २०२०चा डी७८० यांच्या स्थिर चित्रांत मात्र तफावत शोधावी लागते. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्ही फुल फ्रेम. म्हणजे २००४ आणि २०१० यांतली सहा वर्षं फार मोठी होती, २०१४ आणि २०२० यांतली सहा वर्षं लहान.

चाहता: मग त्याही मागे जाऊ. २००४चा डी७०, २००६चा डी४०, २००५चा डी२००. या तिघांत सीसीडी सेन्सर होता. त्यांचे रंग आजही काही लोकांना वेगळे वाटतात, त्वचा अधिक खरी आणि आकाश अधिक खोल. त्यासाठी माणसं हे कॅमेरे मुद्दाम शोधून घेतात. इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात, तर तिला भ्रम म्हणून मोडीत काढता येत नाही.

शंकेखोर: भ्रम म्हणत नाही, पण कारण चुकीचं सांगितलं जातंय. सीसीडी असो की सीमॉस, सिलिकॉनला रंग दिसत नाही. किती प्रकाश पडला एवढंच त्याला कळतं. रंग ठरतो पिक्सेलवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांनी, आणि नंतर त्या आकड्यांचं चित्र करणाऱ्या सॉफ्टवेअरने. त्या काळच्या जेपेगची घडण कंपनीने एका प्रकारे बसवली होती, ती डोळ्यांना आवडली. आजच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर तसं प्रोफाइल बनवून लावता येतं. ज्याला कॅमेऱ्यातून थेट जेपेगच हवी आहे आणि संगणकावर बसायचंच नाही, त्याने डी४० जरूर घ्यावा. पण सीसीडीत काही जादू आहे असं सांगून तो कुणाला विकू नये.

चाहता: रंगांचं सोडतो. पण सीसीडीने दिलेली एक गोष्ट मोजता येते. डी७० आणि डी४० मध्ये वेगवान शटरचं काम पडद्याऐवजी सेन्सरच विजेवर करतो. त्यामुळे फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंत जुळतो. डी३५०० मध्ये ही मर्यादा १/२०० आहे. भर दुपारी अंगणात नवरा-नवरीचा फोटो काढायचा, डोळ्यांखालच्या सावल्या फ्लॅशने भरायच्या, तर शटर जितकं कमी वेळ उघडं तितकं ऊन कमी आत येतं. फ्लॅशचा लखलखाट मात्र त्याहून कितीतरी कमी वेळात आटोपतो, तो पूर्ण मिळतो. १/२०० ऐवजी १/५०० मिळालं की उन्हाशी बरोबरी करायला फ्लॅशची ताकद अडीचपट कमी पुरते. हाय-स्पीड सिंक लावून आजच्या कॅमेऱ्यात याहून वेगवान शटर मिळतं हे खरं, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच वाया जाते. सहा मेगापिक्सेलचा, वीसेक वर्षांचा स्वस्त कॅमेरा या एका कामात बहुतेक नव्या, महागड्या कॅमेऱ्यांच्या पुढे आहे.

शंकेखोर: हा मुद्दा मला पटतो. हे मोजून दाखवता येतं आणि ज्याला गरज आहे त्याला खरंच उपयोगी आहे. जुन्याच्या बाजूने बोलणारे असं काही सांगतात तेव्हा माझी हरकत नसते.

जुन्या-नव्याच्या चर्चेत आवड आणि मोजमाप यांची सरमिसळ फार होते. आवडीला कुणाची ना नाही. पण खरेदीचा सल्ला देणाऱ्याने आपण यांतलं काय बोलतो आहोत हे सांगायलाच हवं, कारण पैसे ऐकणाऱ्याचे जातात.

या टप्प्यावर एक तिसरा माणूस बोलतो. तो कॅमेरे उघडतो, दुरुस्त करतो आणि परत जोडतो, आणि दोघांनाही अडवतो.

दुरुस्ती करणारा: तुम्ही दोघं सेन्सरवर बोलता आहात, पण माझ्या टेबलावर सेन्सरपायी फार कमी कॅमेरे येतात. येतात ते शटर, आरशाची यंत्रणा, पकडीचं सुटलेलं नाहीतर चिकट झालेलं रबर आणि कार्डाच्या खाचेतल्या वाकलेल्या पिना यांच्यामुळे. डी७००ला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं. ते तिरकं घुसवलं की आतली पिन वाकते. कंपनीने डी७००चं शटर दीड लाख उघडझापींसाठी तपासलं आहे, कॅननच्या पहिल्या ५डीचं एक लाखासाठी. हा आकडा म्हणजे मरणाची तारीख नव्हे. कुणाचं त्याच्या दुप्पट चालतं, कुणाचं अर्ध्यात जातं. पण लग्नाच्या कामातून आलेल्या बॉडीत तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निकॉनच्या फाइलमध्ये तो लिहिलेला सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांना केबल लावून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. पहिल्या ५डीचा आरसा गळून पडायची तक्रार इतकी होती की कंपनीने तो फुकट बसवून दिला. वापरलेला ५डी घेताना ते काम झालंय का, हे आधी विचारावं.

शटर बदलता येतं, कारण दुसऱ्या मेलेल्या बॉडीतलं मिळतं. मेन बोर्ड गेला की खेळ संपला. आणि कोकणातून, गोव्यातून आलेला माल मी आधी उजेडासमोर धरतो. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सवर आणि व्ह्यूफाइंडरच्या काचांवर बुरशी धरते. लवकर कळली तर पुसता येते, काचेवरचा थर खाल्ला असेल तर डाग कायमचा. २००८चा कॅमेरा कोरड्या पेटीत राहिला असेल तर तो दमट कपाटातल्या २०१८च्या कॅमेऱ्यापेक्षा तरुण आहे, असं मी तरी सांगेन.

शंकेखोर: म्हणजे माझी शंका आणखी वाढली. सेन्सर टिकतो, पण त्याच्याभोवतीचं सगळं हळूहळू बाजारातून निघून जातं. डी७०० आणि डी९०ला लागणारी ईएन-ईएल३ई बॅटरी मूळ कंपनीची मिळणं अवघड. इतर कंपन्यांची घ्यायची तर ती किती टिकेल याचा भरवसा नाही. उलट २०१०च्या डी७०००पासून सुरू झालेली ईएन-ईएल१५ची जात निकॉनच्या आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांतही चालू आहे. लेन्सचंही तसंच. १९५९पासूनचा एफ माउंट एकच असल्याचं कौतुक होतं, पण निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स डी९०वर फोकसच करत नाहीत आणि ई प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर त्याच्यावर उघडंच राहतं. लेन्स बसते, चालत मात्र नाही.

लग्नांचं काम करणाऱ्याला आज व्हिडिओही मागतात. डी७००मध्ये व्हिडिओ नाहीच. २००८च्याच डी९०ने डीएसएलआरमध्ये तो पहिल्यांदा आणला, पण चालत्या माणसावर फोकस धरणं त्याला जमत नाही. कॅननने २०१३च्या ७०डीमध्ये सेन्सरवरच फोकसची सोय केली तेव्हा ते जमू लागलं. आणि कार्यालयातले दिवे? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्यूब आणि कित्येक एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेगवान शटरला एक फोटो पिवळा, पुढचा काळसर येतो. कॅननच्याच २०१४च्या ७डी मार्क २ने ही लुकलुक ओळखून नेमक्या उजेडाच्या क्षणी शटर उघडायला सुरुवात केली. आता हे सगळं असलेला कॅमेरा डी३५००ही नाही, हे मी कबूल करते. माझा सल्ला म्हणून मधला आहे: २०१३ ते २०१७च्या दरम्यानची मधल्या दर्जाची बॉडी. डी७२००, डी७५०, कॅनन ८०डी असं काही.

चाहता: मधला सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण त्या बॉडींचा भाव वरचा आहे आणि आपण बेताच्या पैशांबद्दल बोलत होतो. वाचलेले पैसे मी लेन्सला लावीन. आणि दाण्यांचं म्हणाल तर २०२३ साली अ‍ॅडोबीने लाइटरूममध्ये दाणे काढायचं नवं साधन दिलं. त्यातून डी७००ची रॉ फाइल काढून पाहा. त्याने जुन्या सेन्सरांचं आयुष्य वाढवलं आहे.

शंकेखोर: आणि ते चालवायला चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो. नाहीतर एकेका फोटोसाठी मिनिटं मोजत बसायचं. कॅमेऱ्यात वाचवलेले पैसे तुम्ही संगणकाच्या दुकानात देऊन आलात. लेन्सवर खर्च करा, याला मात्र माझा पाठिंबा. कोणत्याही बॉडीपेक्षा तो पैसा जास्त दिवस कामाला येतो.

पण मला एक मोठी गोष्ट सतावते. निकॉनने डी६ आणि डी७८० आणले २०२० साली. कॅननने १डी-एक्स मार्क ३ आणि ८५०डी आणले त्याच वर्षी. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवी डीएसएलआर काढलेली नाही. सोनीने तर आपला डीएसएलआरचा माउंटच सोडला. पेंटॅक्सने तेवढी २०२१ला के-३ मार्क ३ आणि २०२३ला तिची कृष्णधवल आवृत्ती आणली. मग ‘नवी’ डीएसएलआर म्हणायचं कशाला? आज दुकानात सीलबंद मिळणारी बॉडीसुद्धा जुनीच आहे, फक्त न वापरलेली. आपण दोघं दोन जुन्यांतला धाकटा कोण, एवढ्यावर भांडतो आहोत.

चाहता: म्हणून तर मी म्हणतो, वयाची भीती सोडा. पुढे नवी येणारच नसेल तर मागे पडायचंही काही उरत नाही. डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटो काढतो, कारण काचेतून थेट पाहायला वीज लागत नाही. हे सुख ज्याला हवं त्याला डीएसएलआरच घ्यावी लागेल. आणि घ्यायची तर चांगली बांधलेली घ्यावी.

शंकेखोर: किंवा जिचे सुटे भाग आणखी दहा वर्षं मिळतील अशी घ्यावी. या दोन गोष्टी एकाच बॉडीत असतीलच असं नाही, आणि कोणती आधी बघायची यावर आपलं जमणार नाही.

दुरुस्ती करणाऱ्याने मात्र घेणाऱ्याला एक विनंती केली आहे, आणि तिला दोघांचीही हरकत नाही. दुकानात जाताना आपली लेन्स, आपलं कार्ड न्यावं, आणि डी७००सारख्या बॉडीसाठी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड कुणाकडून तरी मागून आणावं. दोन्ही बॉडींवर रॉ फाइल काढाव्यात. एक दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, एक दाराबाहेर उन्हाकडे तोंड करून. एक छोटं अ‍ॅपर्चर लावून कोऱ्या भिंतीवर घ्यावी, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतील. शटरचा आकडा तिथेच वाचून घ्यावा, व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरून पाहावा. घरी जाऊन त्या फाइली मोठ्या करून बघाव्यात आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत. ज्या दुकानदाराला एवढं करू द्यायचं नसेल, त्याच्याकडून कोणत्याही सालातली बॉडी घेऊ नये.